वापरलेली प्रत, शेवटच्या पानावर सह्या

४ फेब्रुवारी

धाकट्या,

पत्र बघून दचकू नकोस. गुडघा सोडला तर मी धडधाकट आहे. फोन का केला नाही ते आधी सांगते. मुंगीने बजावलंय की या विषयावर फोनवर एक अक्षर बोलायचं नाही. हल्ली माझी लेक काही बजावते तेव्हा तिचा आवाज कापतो, म्हणून मी निमूट ऐकते.

ह्यांना जाऊन दोन महिने झाले तेव्हा मी तुला पुस्तकांची तीन खोकी पाठवली होती. विकून टाक, मला ती कपाटं डोळ्यांसमोर नकोत, असं मीच म्हटलं होतं. त्यात ‘हुकूम आणि होकार’ होतं. जाड, करड्या पुठ्ठ्याचं. माणसं सत्तेचं का ऐकतात, कधी ऐकू नये, असलं काहीतरी त्यात आहे. मी वाचलेलं नाही, तुला माहीत आहे. दर रविवारी सकाळी आमच्या बाहेरच्या खोलीत ह्यांची मंडळी जमायची, त्यावर तावातावाने बोलायची, आणि मी आत चहा टाकून रेडिओ लावायची.

ते पुस्तक मला परत हवंय. ह्यांचंच, दुसरं चालणार नाही.

कारण ऐक. मागच्या महिन्यात त्या मंडळींतल्या बस-कंडक्टरला घरातून उचलून नेलं. आठवतो ना, तुझ्याशी बुद्धिबळ खेळलेला, हरला की मोहऱ्यांना दोष देणारा? डेपोतल्या लोकांनी गाड्या बंद ठेवल्या त्या दिवशी त्याने या पुस्तकातलं शिकवून बाकीच्यांना फितवलं म्हणे. मग चौकशीवाले एकेकाला बोलवायला लागले. मुंगीलाही बोलावलं, तिच्याच प्रयोगशाळेच्या साहेबांच्या खोलीत. सरकारी दवाखान्यातली नोकरी, समोर अनोळखी दोन माणसं. पोर घाबरली. तिने लिहून दिलं की मी त्या बैठकांना कधी बसले नाही, त्या लोकांना ओळखत नाही आणि ते पुस्तक उघडूनही पाहिलेलं नाही. खाली सही केली.

आणि ह्यांची ती खोड तुला ठाऊक आहे. जो ह्यांची प्रत वाचेल त्याने शेवटच्या कोऱ्या पानावर सही करायची, तारीख घालायची आणि न पटलेलं एक तरी वाक्य लिहायचं. पटलेलं काय, सगळेच सांगतात, असं म्हणायचे. धाकट्या, त्या पानावर सगळ्यांत खाली मुंगीची सही आहे. तिने मला हे काल सांगितलं. खोटं लिहून दिलं तर किती वर्षांची कैद होते ते तिने शोधून काढलंय. सांगताना ती हात धूत होती. बोलणं संपलं तरी धूतच राहिली.

आजच्या आज शोध.

ताई


८ फेब्रुवारी

ताई, नमस्कार.

पुस्तक गेलं. तीन आठवडे झाले.

तू मला शिव्या देण्याआधी माझं ऐकून घे. वर्षभर त्याला कुणी विचारत नव्हतं. कंडक्टरची बातमी आली आणि लोकांनी ऑनलाइन धडाधड मागवायला सुरुवात केली. बंदी नाही त्याच्यावर, हे लक्षात ठेव. प्रकाशकाने नवीन छापलंय, नव्या प्रती मीही ठेवतो. विकत घेणं हा गुन्हा नाही. असं मी रोज सकाळी स्वतःला सांगतो आणि मग दुकान उघडतो. दुकान म्हणजे जेवणाचं टेबल, एक कॉम्प्युटर आणि दोऱ्याचं रीळ.

माझी पद्धत तुला माहीत आहे. जुन्या पुस्तकाचं दुखणं मी लपवत नाही. कोपरा मुडपला असेल तर मुडपलाय असं लिहितो, चहाचा डाग असेल तर पान क्रमांकासकट लिहितो. त्यावरून तू माझी टिंगलही केली आहेस की मुलगी दाखवताना तिचे मस सांगणारा बाप आहे मी. तर भावोजींच्या प्रतीखाली मी लिहिलं होतं, ‘वापरलेली प्रत, स्थिती चांगली, समासात पेन्सिलीच्या खुणा, शेवटच्या पानावर सह्या.’ फोटो फक्त मुखपृष्ठाचा टाकला होता. सह्या कुणाच्या ते वाचलं नव्हतं. भावोजींचं अक्षर दिसलं आणि मी पुस्तक मिटलं.

ते वर्णन आता काढून टाकलंय. प्रत मुलींच्या एका वसतिगृहात गेली आहे, एका विद्यार्थिनीकडे. मी तिला लिहिलंय की चुकून घरातली प्रत विकली गेली, परत द्या, बदल्यात नवी कोरी पाठवतो. उत्तराची वाट बघतोय.

मुंगीला सांग, मामा आहे. मला माझी स्वतःची फार खात्री वाटते अशातला भाग नाही, पण सांग.

धाकटा


१५ फेब्रुवारी

धाकट्या,

वाट बघत बसणं मला जमत नाही. मुंगीने गुडघ्याचा पट्टा मागवायला मला ऑनलाइन खातं काढून दिलं होतं, त्यावरून मी कामाला लागले. त्या विद्यार्थिनीने परीक्षा झाल्यावर पुस्तक पुढे विकलं असेल तर? म्हणून जिथे जिथे ‘वापरलेली’ असं दिसलं तिथे तिथे मागवली. पार्सल आलं की कात्रीने फोडायची आणि थेट शेवटचं पान उघडायचं. एकात कुणाचा तरी दुधाचा हिशेब, एकात वाळलेलं पान, एकात काहीच नाही. दोन तर नव्याच निघाल्या, मी भलतंच बटण दाबलं होतं. एकूण सात प्रती झाल्या. पलंगाखाली ठेवल्यात.

काल मुंगीला त्या सापडल्या. ती ओरडलीसुद्धा नाही. खाली बसली आणि म्हणाली, ‘‘आई, या शहरात हे पुस्तक सगळ्यांत जास्त कुणी घेतलं असं कुणी विचारलं, तर आता आपलं घर निघेल.’’ त्यात ते संकेतस्थळ मला रोज विचारतं, तुम्हाला हेही आवडेल का? आणि खाली तुरुंगातल्या आठवणींची पुस्तकं दाखवतं.

पत्रंही कुणी उघडत असेल. यापुढे पुस्तकाला पुस्तक म्हणायचं नाही, आत्या म्हणायचं. कळलं ना? आत्याचा पत्ता लागला की कळव.

ताई


१७ फेब्रुवारी

ताई, नमस्कार.

आत्याबद्दल वाईट बातमी आहे.

मुलीचं उत्तर आलं. फार गोड मुलगी आहे. म्हणते, मी वापरलेली आत्या मागवली होती, तुम्ही नवी पाठवलीत, पैसे तेवढेच घेतलेत, तुमचे उपकार कसे फेडू? मी दोनदा वाचलं आणि मग कागद काढून बसलो. त्या दिवशी माझ्याकडून दोन आत्या गेल्या होत्या, एक नवी आणि एक वापरलेली. दोघींना एकाच टेबलावर, एकाच खाकी कागदात बांधलं. चष्मा तुटलेला होता, दोऱ्याने कानाला बांधून काम चालवत होतो. पत्त्यांच्या चिठ्ठ्या उलटसुलट चिकटवल्या. म्हणजे भावोजींची आत्या दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेली, ज्याने नवी मागवली होती.

त्याचं नाव नाही. तुमच्याच शहरातला पत्ता आहे, टपाल पेटी क्रमांक ४७. बहुतेक एखादी शाळा किंवा वाचनालय असेल. त्यांना लिहू का? लिहिलं तर आपण एवढे आत्येच्या मागे का लागलोय असं त्यांना वाटेल. नाही लिहिलं तर ती तिथेच राहील. तू सांगशील तसं.

ताई, इतकं चोख काम करायचा मला गर्व होता.

धाकटा


२० फेब्रुवारी

धाकट्या,

आत्या पुरे झाली. तुझं पत्र वाचून कुणालाही वाटेल की आपण दोघं म्हाताऱ्या बायका विकतो. हे पत्र टपालाने पाठवत नाहीये. तुमच्या गावाला येणाऱ्या बसच्या ड्रायव्हरकडे देतेय, तो कंडक्टरचा जुना जोडीदार आहे. उत्तरही त्याच्याच हाती दे.

पेटी क्रमांक ४७ म्हणजे शाळा नाही आणि वाचनालयही नाही. पाणीखात्याच्या तक्रारखिडकीवर मी एकतीस वर्षं काढली, या शहरातली प्रत्येक टपालपेटी मला पाठ आहे. महिन्यातून एकदा त्या पेटीवरून लिफाफा यायचा, अमक्या घराचं पाणी कुणाच्या नावावर आहे ते कळवा, कारण विचारू नका. ती चौकशीखात्याची पेटी आहे. त्यांनी कंडक्टरच्या फायलीसाठी पुस्तक मागवलं आणि तू त्यांना ते सह्यांसकट घरपोच दिलंस.

तुझ्यावर रागावले असते तर बरं वाटलं असतं, पण रागावायलाही अंगात जोर लागतो. मुंगीला सांगितलेलं नाही. ती कामावर जाते, येते, जेवते. जिन्यात कुणी थांबलं की तिचा घास हातातच राहतो. परवा कुणीतरी खालच्या मजल्यावर किल्ली शोधत होतं, आम्ही दोघी त्याला किल्ली सापडेपर्यंत श्वास रोखून बसलो.

एकच आशा आहे. ऑफिसं मी आतून पाहिली आहेत. आलेली वस्तू मागणीच्या कागदाशी ताडून बघतात, शिक्का मारतात, नोंदवतात आणि ठेवून देतात. वाचायची वेळ येते तेव्हा येते. ती आली नसेल असं म्हणायचं आणि दिवस ढकलायचा. त्यांना काही लिहू नकोस.

ताई


२ मार्च

ताई,

ड्रायव्हरला मी उभं करून ठेवलंय, म्हणून घाईत लिहितो.

पुस्तक परत आलं! माझ्या हातात आहे. त्यांनीच परत पाठवलं. सोबत छापील चिठ्ठी आहे आणि तिच्यावर खूण करून लिहिलंय, ‘नवीन प्रत मागवली होती. वापरलेली आली. पानांवर लिखाण आहे. बदलून द्यावी.’ तुझी ऑफिसं तुला खरंच कळतात. मागणीच्या कागदाशी ताडून पाहिली, जुळली नाही, परत केली. मी एका तासात नवी कोरी प्रत बांधून रवाना केली. या वेळी पत्ता तीनदा वाचला, शेजाऱ्यालाही वाचायला लावला.

ते शेवटचं पान मी कापलं आणि जाळलं. राखसुद्धा पाण्यात सोडली. मुंगीला सांग. आता सगळ्यांनी झोपा.

धाकटा


६ मार्च

धाकट्या,

तुझं पत्र वाचून मी खुर्चीत बसले ती तासभर उठले नाही. मुंगीला सांगितलं तेव्हा ती आधी हसली आणि मग माझ्या मांडीत डोकं घालून रडली. सत्तावीस वर्षांची बाई, पण वजन जाणवलं नाही.

आता दुसरं सांगते. हे तुला नाही सांगितलं तर कुणाला सांगू?

काल कंडक्टरची बायको आली होती. कपडे धुऊन इस्त्री करून देण्याच्या दुकानात काम करते, बोटांवर भाजल्याच्या खुणा आहेत. पाणीही घेतलं नाही. म्हणाली, ‘‘बाई, भेटीला गेले तेव्हा ते म्हणाले, सरांच्या पुस्तकात शेवटच्या पानावर माझ्या हातचं आहे. मी त्या पुस्तकाच्या विरुद्ध लिहिलंय. वकील म्हणतात तेवढं मिळालं तर बास आहे, ते त्या मताचे नाहीतच हे दोन वर्षांपूर्वीच्या तारखेनं सिद्ध होतं.’’ मग म्हणाली, ‘‘ते पुस्तक तुमच्याकडेच असेल ना?’’

मी म्हटलं, सगळी पुस्तकं विकली, कुठे गेली ठाऊक नाही.

तिने माझे आभार मानले. आभार, धाकट्या! सरांच्या माघारी तुम्हाला त्रास दिला म्हणून माफीही मागितली आणि जिना उतरून गेली.

मी दार लावलं आणि पहिला विचार काय आला सांगू? बरं झालं, तू जाळलंस. पान असतं तर मला ठरवावं लागलं असतं. आता हातातच काही नाही, तर ठरवायचं काय? एवढी सुटका वाटली की माझी मलाच किळस आली. त्याचे दोन मुलगे शाळेत आहेत. बघ, कसली बहीण आहे तुझी.

ताई


९ मार्च

ताई,

जाळलं नव्हतं.

कात्री हातात घेतली होती. शपथेवर सांगतो, पात्याखाली पान धरलंही होतं. पण वीस वर्षं मी फाटक्या पुस्तकांना डिंक लावतोय, सुटलेली पानं शिवतोय. माझ्या हाताला ते करताच येईना. मग वाटलं, जाळलं म्हणून लिहू, ताईला झोप लागेल, मुंगीला झोप लागेल, आणि पुस्तक माझ्या गादीखाली पडून राहील. तुला खोटं लिहिलं. भ्यायलो होतो आणि तरीही हात चालेना, दोन्ही खरं आहे.

तुझं सहा तारखेचं पत्र आलं नसतं तर मी कधीच बोललो नसतो. ते आल्यावर मी ते पान पहिल्यांदा नीट वाचलं. कंडक्टरने लिहिलंय, ‘पटले नाही. घंटी मारायची की नाही हे प्रत्येक कंडक्टर रोज आपल्या मनाने ठरवू लागला तर गाडी सुटायची कधी? नियम पाहिजे.’ खाली सही आणि तारीख आहे. त्याला त्याच पुस्तकापायी आत टाकलंय, ताई.

त्याखाली मुंगीचं वाक्य आहे. तिने पुस्तकाबद्दल लिहिलंच नाही. लिहिलंय, ‘मला कंडक्टरांचं पटत नाही. घंटी मारायला सांगणाराच चुकत असेल आणि गाडीखाली माणूस असेल तर?’

एका पानावर, एकाखाली एक. वरचं वाक्य त्याला सोडवतं आणि खालचं आपल्या पोरीला अडकवतं. मधून कापलं तर कापलेलं दिसेल, आणि कापलं कुणाला हे ते विचारतीलच.

पुस्तक ड्रायव्हरच्या हाती पाठवतोय. हे तुझ्यावर ढकलतोय, मला कळतंय. पण मुलगी तुझी आहे, मी ठरवणारा कोण? तू जे करशील त्याला माझा होकार. मी भित्रा आहे, ताई, पण त्याबाबतीत नाही फिरणार.

धाकटा


१४ मार्च, शनिवार

धाकट्या,

पुस्तक मिळालं. पहिला दिवस मी तुझ्यावर इतकी चिडले होते की गुडघ्याचं दुखणं विसरले. दुसऱ्या दिवशी उघडलं.

तू एक गोष्ट पाहिली नाहीस, किंवा पाहून तुला तिचा अर्थ लागला नाही. शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात त्यांचा आवक शिक्का आहे. जांभळा, तारीख-क्रमांकासकट, अर्धा कंडक्टरच्या सहीवर आलेला. म्हणजे त्यांच्या माणसाने ते पान उघडलं, त्यावर शिक्का मारला आणि पुढचा कागद ओढला. शिक्का मारणारा कोरी जागा शोधतो, मजकूर बघत नाही. मीही एकतीस वर्षं तेच केलं. त्या शिक्क्यामुळे आता कुणाला म्हणता येणार नाही की हे पान आम्ही काल रात्री घरी बसून रंगवलं. शिक्का पडला तेव्हा कंडक्टर कोठडीत होता, आणि पुस्तक त्यांच्याच रजिस्टरात आहे.

मुंगीला मी दाखवलं. तिच्यापासून लपवून ठरवायचा मला हक्क नाही असं वाटलं. तिने वाचलं, पुस्तक मिटलं आणि म्हणाली, ‘‘आई, जाळ.’’ मी म्हटलं, कंडक्टरकाकांचं काय? तर म्हणाली, ‘‘मी त्यांना ओळखत नाही असं लिहून दिलंय ना मी. आता जाळ.’’ तिला वाईट म्हणू नकोस. तिला लहानपणी बसच्या पुढच्या सीटवर फुकट बसवून शहर दाखवणारा माणूस आहे तो, आणि ते तिला माझ्यापेक्षा जास्त आठवतं. ती भ्यायलेली आहे. भ्यायलेल्या माणसाला शहाणपण सांगणं सोपं असतं, विशेषतः सही त्याची असते तेव्हा.

म्हणून मी जाळलं. तिच्यासमोर, गॅसवर, चिमट्यात धरून. पान जळून राख होईपर्यंत ती बघत होती. मग तिने महिन्यात पहिल्यांदा पोटभर जेवण केलं.

जे जाळलं ते चौथ्या प्रतीचं शेवटचं पान होतं. तिला दाखवण्याआधीच मी ते कापून ठेवलं होतं, वर पेनाने चार ओळी खरडल्या होत्या. सात प्रती घेतल्या म्हणून मला वेडी म्हणत होतात ना दोघं?

आता नीट वाच. त्या खऱ्या पानावर मुंगीने पूर्ण नाव लिहिलेलं नाही, पहिलं अक्षर आणि आडनाव एवढंच आहे. आम्हा मायलेकींचं पहिलं अक्षर एकच, ह्यांनीच हट्टाने तसं नाव ठेवलं होतं. आणि अक्षर तर मी पाटीवर हात धरून गिरवून घेतलेलं, वळण तेच आहे. सोमवारी सकाळी मी ते पुस्तक घेऊन कंडक्टरच्या वकिलाकडे जाणार. तिथून तो नेईल तिथे. विचारलं की सांगणार, शेवटची सही माझी. बैठकांना मी बसायचे. माझ्या मुलीला त्यातलं काही माहीत नाही, ती तेव्हा रविवारीही कामाला जायची.

नोकरी माझी संपली आहे, पेन्शन थांबवली तर थांबवू देत. आत टाकलं तर गुडघा त्यांना सांभाळावा लागेल.

हे असं हसत लिहिलं म्हणून मी शूर आहे असं समजू नकोस. मला भयंकर भीती वाटते. काल भांडी घासताना एकदम वाटलं की सोमवार येऊच नये, आणि हातातलं भांडं सुटलं. मुंगी आतून ओरडली, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, निसटलं.

आणि त्यात हे पुस्तक. त्यांनी विचारलं तर मला ते वाचलेलं असायला हवं ना? तिसऱ्या प्रतीत कुणीतरी महत्त्वाच्या ओळींखाली रेघा मारल्यात, ती घेऊन बसलेय. पहिली साठ पानं म्हणजे शिक्षा आहे, ह्यांना यात काय दिसलं देव जाणे. पण पुढे एका ठिकाणी तो लेखक म्हणतो की हुकूम देणारा एकच असतो, पण तो दारापर्यंत पोचवायला शेकडो साधी माणसं लागतात आणि त्यातल्या प्रत्येकाला वाटतं की आपण नुसता कागद पुढे केला. मी पुस्तक मिटून ठेवलं. एका वर्षी खालच्या वस्तीचं पाणी तोडल्याची नोटीस मीच खिडकीतून दिली होती. एक बाई कडेवर मूल घेऊन उभी होती. मी तिला म्हटलं होतं, ‘‘वरून आलंय.’’ हे मी ह्यांनाही कधी सांगितलं नाही. भिंतीपलीकडे रविवारी हेच बोलणं चालायचं, आणि मी रेडिओ मोठा करायची.

तेव्हा मुंगीचं ते वाक्य मला पटतं. म्हणजे सोमवारी मी जे सांगणार त्यातलं निम्मं तरी खरं आहे.

पुस्तक तुझ्या टेबलावरून गेलं होतं, त्यामुळे तुलाही विचारायला येतील. पाल्हाळ लावू नकोस, कोपरे आणि डाग सांगत बसू नकोस. शेवटची सही बहिणीची, तिचं अक्षर मी ओळखतो, एवढंच म्हण. हे पत्र मात्र वाचून जाळ. या वेळी खरोखर जाळ.

आणि धाकट्या, लहानपणापासून तुला खोटं बोलताना हसू फुटतं. आईसमोर तू नेहमी त्यामुळेच सापडायचास. त्यांच्यासमोर हसू नकोस.

ताई